तीन नंबरचं घड्याळ

कातरने उशीच्या अभ्र्याचं तोंड मुठीत आवळलं आणि आतली पाच घड्याळं खळखळ हलवली.

"डोळे मिटून हात घाला. कुणी चोरून बघितलं तर बोटं प्रेसखाली घालीन."

"अगं हळू, काच फुटेल," मावशी म्हणाल्या.

"फुटू दे. बाजारातच आलेलं नाही अजून. आधी कसं दिसत होतं ते कुणाला माहितीय?"

दोघी बहिणींनी एकदमच हात घातला आणि आत एकमेकींचीच बोटं धरून खिदळल्या. मग नवीने, म्हणजे नव्या लागलेल्या पोरीने काढलं, मग मावशींनी. उरलं ते कातरचं. तिने पाठीमागचा आकडा बघितला. तीन. पट्टा आवळला, वर बाही ओढली आणि अभ्रा धुवायच्या ढिगात भिरकावला. सुपरवायझरच्या बुटांचा आवाज जिन्यावर आला तेव्हा पाचही जणी आपापल्या टेबलाशी उभ्या होत्या, जशा काही जन्मापासून तिथेच उभ्या आहेत.

लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी यायच्या. कातर प्रेसवर, म्हणजे वाफेच्या त्या मोठ्या इस्त्रीवर. समोर मावशी घड्या घालायच्या. नवी ढीग वाहायची, बहिणी बांधायच्या. कातरचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. एरवी तिची जीभ कातरीसारखी चालायची तेच तिचं नाव.

आठवड्यापूर्वी घड्याळाच्या कंपनीची मॅडम आली होती. घड्याळ दोन महिन्यांनी बाजारात येणार. त्याआधी कष्टाचं काम करणाऱ्यांच्या हातावर बघायचंय, घामात टिकतं का, वाफेत टिकतं का, असं म्हणाली. पाच जणींची नावं, वयं, वजनं लिहून घेतली, प्रत्येकीच्या नावापुढे एक आकडा टाकला, सह्या घेतल्या. सकाळी घालायचं, संध्याकाळी ट्रेमध्ये ठेवायचं. काचेवर नुसती वेळ दिसायची. बाकी घड्याळाला जे काही कळेल ते थेट कंपनीत जायचं.

"म्हणजे माझ्या अंगात काय चाललंय ते मला सोडून गावाला कळणार," कातर तेव्हाच म्हणाली होती.

"ठोके मोजतं म्हणे," नवी म्हणाली. "आणि पावलं. आणि दम किती लागतो ते."

"आणि सासूला काय काय बोललीस तेपण मोजतं."

समोरच्या इमारतीवर त्याच घड्याळाची जाहिरात लागली होती. अर्धंच घड्याळ, अर्धा काळोख आणि खाली मोठ्या अक्षरात 'लवकरच'.

"लवकरच काय?" मावशींनी विचारलं होतं.

"लवकरच आपली वाट लागणार."

सगळ्या हसल्या होत्या. पण मग थोरल्या बहिणीने सांगितलं की दुसऱ्या एका लाँड्रीत असंच काहीतरी हातात बांधलं होतं, कोण किती वेळ टेकलं, कोण किती वेळा बाथरूमला गेलं ते सगळं निघालं त्यातून, आणि तिघींना घरी बसवलं. कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाली ऐकलं. ऐकीव होतं सगळं. पण भीती ऐकीव असली तरी पोटात खरीच शिरते. दुसऱ्या दिवशी नवीने सकाळपासून पाणीच प्यायलं नाही, म्हणजे बाथरूमला जायला नको.

तेव्हा अभ्र्याची युक्ती कातरने काढली.

"रोज अदलाबदल. त्या डबड्याला आपण पाच जणी म्हणजे एकच बाई वाटली पाहिजे. आज तरुण, उद्या म्हातारी. डोकं फुटू दे त्याचं."

बाकीच्या चौघी बाथरूमला घाबरत होत्या. कातरची भीती वेगळी होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. तिचा भाऊ बेचाळीसचा होता. एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच पुढे कलंडला. आधी ना ताप, ना खोकला. येत्या महिन्यात ती बेचाळीसची होणार होती. पायात लेसचे बूट ती तेव्हापासून घालत नव्हती, जसं काही दोष नाडीचाच होता.

तीन नंबर बांधलं त्या दिवशी दुपारी वाफ चढली. कातरने चादर पसरली, प्रेसचा दांडा खाली ओढला, वर सोडला. दुसरी चादर. तिसऱ्या चादरीला छातीत काहीतरी उलटं झालं. दुखलं नाही. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं. टेबल लांब गेलं. तिने आधाराला हात टेकला तो नेमका तापलेल्या कडेवर. चटका बसला तशी ती भानावर आली. हाताला फारसं झालं नव्हतं, पण घड्याळाचा राखाडी पट्टा नखाएवढा वितळून तपकिरी झाला होता.

तिने इकडे तिकडे बघितलं. बहिणी गाठी मारत होत्या. नवी पाठमोरी होती. मावशी मान खाली घालून घडी घालत होत्या. कातरने बाही पार बोटांपर्यंत ओढली आणि दांड्याला एक शिवी घातली, कुणी ऐकलंच तर दोष दांड्यावर जावा म्हणून.

थोड्या वेळाने तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पाण्याचा मग आला. मावशी ठेवून गेल्या होत्या. कातर म्हणाली, "काय उकडतंय आज!" मावशी म्हणाल्या, "हो ना."

संध्याकाळी तिने घड्याळ ट्रेमध्ये पालथं ठेवलं.

घरी लेक फोनवर त्याच घड्याळाचा व्हिडिओ बघत बसली होती. कुणीतरी पोरगा हात नाचवत सांगत होता की हे सगळं थोतांड आहे, एवढे पैसे मोजून काय मिळणार, आधी बाजारात येऊ द्या मग बघू.

"बघ, तोपण तुझ्यासारखाच," लेक म्हणाली. "लोक रांगा लावणार आहेत आणि तुला फुकट घालायला मिळालंय, तर तू तोंड वाकडं करतेस."

"हातात बेडी घालायला रांगा लावतायत. लावू देत."

कातरने भांडी विसळली. एकच ताट तीनदा विसळलं. मग पाठ फिरवूनच विचारलं, "ते... माणूस बंद पडायच्या आधी सांगतं का गं?"

"काय बंद पडायच्या?"

"काही नाही. पसारा उचल तो."

शुक्रवारी सकाळी अभ्रा हलवायची वेळच आली नाही. पाच जणी येऊन पोचल्या तेव्हा मॅडम आधीच उभी होती, सुपरवायझरशेजारी. केस नीट बांधलेले नव्हते. हातात कागद होता.

"घाबरू नका," ती म्हणाली, आणि पाचही जणी घाबरल्या. "काल दुपारचे आकडे मी रात्री बघितले. एका घड्याळात ठोके दोनदा थांबलेत. बरेच सेकंद. घड्याळ अजून कच्चं आहे, त्याची चूक असेलही. पण मला वाट बघायची नाही. आत्ता दवाखान्यात जायचं. तीन नंबर."

तिने कागदावरचं नाव वाचलं. आडनावासकट. क्षणभर कुणालाच कळलं नाही ही कोण. मग मावशी "अगोबाई, मी" म्हणाल्या.

"मावशी, काल काही वाटलं? चक्कर? अंधारी?"

"मला? नाही हो."

"कधी कधी कळत नाही. म्हणून तर हे घड्याळ," मॅडम म्हणाली आणि फोन लावायला बाजूला गेली.

सुपरवायझरने घसा खाकरला. "छातीचं काही निघालं ना, तर मग इथे वाफेत उभं नाही करता येणार. नियम आहे. मला वाईट वाटतंय, पण नियम आहे." तो त्याच्या खोलीकडे गेला. बूट आज हळू वाजले.

पाच जणी ट्रेभोवती उभ्या राहिल्या. नवीने आवाज अगदी खाली आणला.

"काल तीन कुणाकडे होतं?"

"माझ्याकडे चार," थोरली म्हणाली.

"माझ्याकडे... तीन नव्हतं. नव्हतंच," धाकटी म्हणाली. "आईशप्पथ."

नवीने आपल्या मनगटावर दोन बोटं ठेवली होती आणि ओठ हलत होते. ती मोजत होती. मध्येच आकडा चुकला, तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कातर, तू सांग ना. तुला सगळं लक्षात असतं."

कातरने ट्रेकडे बघितलं. पालथं घड्याळ तसंच होतं, तपकिरी डाग खालच्या बाजूला. उलटं केलं की दिसेल. उलटं केलं की प्रेस जाईल, पगार जाईल, लेकीचं शिकणं जाईल. आणि एकदा नाव पडलं की ते खरं होईल. आत्तापर्यंत नुसती एक पायरी चुकली होती.

"नाही आठवत," ती म्हणाली.

तिचा आवाज तिलाच कुणा दुसऱ्या बाईचा वाटला. गरीब बाईचा.

"माझ्याकडेच असेल," मावशी म्हणाल्या. "कागदावर माझंच नाव आहे ना. मग झालं." त्यांनी पिशवी काखेला लावली. चपलेत पाय घालताना एक चप्पल उलटी झाली, ती त्यांना सरळच करता येईना. कातर खाली बसली आणि तिने ती सरळ करून दिली.

"मॅडम," मावशी मोठ्याने म्हणाल्या, "मला एकटीला नाही जमायचं. माझा तिथे जीव घाबरतो. ही कातर येईल सोबतीला."

"मी? चादरी कोण..."

"चादरी कुठे पळून चालल्यात?"

सुपरवायझर नको म्हणायला बाहेर आला होता, पण मॅडमने त्याच्याकडे बघितलं आणि तो परत आत गेला.

गाडीत मॅडम पुढे बसली. मागे दोघी. रस्त्यावर प्रत्येक सिग्नलला तेच अर्धं घड्याळ लागलेलं होतं. कातर एरवी दोन-चार वाक्यं हाणून मोकळी झाली असती. आज ती मनातल्या मनात हिशोब करत होती. मावशींना तपासतील, काही निघणार नाही, दोन दिवस घरी बसवतील आणि परत बोलावतील. मावशींना काही होत नाही. कुणालाच काही होत नाही. असं तिने मनात तीनदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा छातीत ती पायरी पुन्हा चुकली. तिने खिडकीची कड धरली.

मावशी समोर बघत होत्या. त्यांचा हात मात्र सीटवरून सरकत आला आणि कातरच्या हातावर पडला. खरखरीत हात. आयुष्यभर कडक चादरी दुमडलेला.

"गार पडलीस गं," त्या म्हणाल्या.

"एसी लावलाय ड्रायव्हरने."

"हं."

दवाखान्यात बाकडी भिंतीला लागून होती. मॅडम फॉर्म भरायला खिडकीशी गेली. समोरच्या दाराआड एक यंत्र टीक टीक करत होतं. मध्येच थांबायचं, तशी कातर श्वास रोखायची. पुन्हा सुरू व्हायचं. एक म्हातारा छातीवरची बटणं लावत बाहेर आला, अगदी सावकाश, खालून वर. त्याच्या मुलीने त्याचे बूट आणून समोर ठेवले. नाडीचे बूट. म्हातारा वाकला.

कातर उठून उभी राहिली.

"कुठे चाललीस?" मावशींनी विचारलं.

"पाणी आणते."

"बस."

ती बसली. म्हातारा सरळ झाला, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. दार उघडंच राहिलं. आत पांढरी चादर घातलेली खाट दिसत होती. चादर नीट इस्त्री केलेली नव्हती, कडेला चुण्या होत्या. कातरला त्या चुण्या दिसल्या, आणि आता तिथे कोण झोपणार हेही.

सिस्टर दारात आली. हातातला कागद वाचला आणि मावशींचं पूर्ण नाव पुकारलं, आडनावासकट.

मावशी उठल्या नाहीत.

सिस्टरने पुन्हा पुकारलं. बाकड्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मावशींनी कातरच्या खांद्यावरची पर्स काढली आणि आपल्या मांडीवर घेतली, पिशवीच्या वर. मग तिच्या डाव्या हाताची बाही, जी अजून बोटांपर्यंत ओढलेली होती, मनगटाच्या वर सरकवली. चटक्याचा लाल डाग होता तिथे. त्यावरून एकदा अंगठा फिरवला.

कातरने बाही खाली ओढायला हात नेला. मावशींनी तो अडवला.

"नाव तुझं तूच सांग आत गेल्यावर," मावशी म्हणाल्या. "मॅडमशी मी बोलते. घरी तुझ्या लेकीला काय सांगायचं ते मग बघू."

"मावशी, मला..."

"माहितीय. मलापण भीती वाटतेय. जा."

कातर उठली. दारापर्यंत जेमतेम सात-आठ पावलं असतील. चार टाकून ती वळली. मावशींनी हात झटकला, अंगणातली कोंबडी हाकलावी तसा, आणि पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली.