डाव्या मैदानातला हातमोजा

मी गाईच्या कातड्याचा, बेसबॉलचा हातमोजा. बोलायला उभा राहिलोय तो मालकाविषयी, कारण त्याच्याविषयी दुसरं कोणी बोलणार नाही.

व्हर्नन क्रॅबिल. ऐकलंय नाव? नसेलच. आयोवातल्या छोट्या गावांच्या संघांत तो अकरा वर्षं पगारी खेळला. जागा डाव्या मैदानात, पार टोकाला. सेंट लुईसच्या कारखान्यात बायकांनी मला जीव लावून शिवलं होतं. व्हर्ननने मला तेलाचा थेंब दिला नाही. तंबाखूची थुंकी मात्र रोज.

तेव्हा रीत अशी, की आपली फलंदाजी आली की हातमोजा मैदानातच गवतावर ठेवून जायचं. शहाणे तो कुंपणाकडेला ठेवत. व्हर्नन न बघता भिरकावत असे.

वस्ताद हॅच ओरडायचे, "अरे राजा, कुंपणापाशी ठेव की! हात झिजतात का तुझे?"

"वस्ताद, आजवर चेंडू लागलाय का कधी त्याला?"

"तुझ्या हातात असतानाही लागत नाही, ते सोड!"

एका ऑगस्टच्या रविवारी शिकागोच्या मोठ्या संघाचा माणूस खेळाडू निवडायला आला. व्हर्ननचं वय एकतीस. पुन्हा कोणी येणार नव्हतं. शेवटचा डाव, शेवटचा गडी, एक धाव कमी. व्हर्नन दुसऱ्या तळावर उभा. आमच्याच संघातल्या स्टॅनने चेंडू डावीकडे असा हाणला, की तो क्षेत्ररक्षकाला चुकवून सुसाट निघाला. व्हर्ननने तिसऱ्या तळावरून घर, म्हणजे फलंदाज उभा राहतो तो तळ, गाठलं की बरोबरी.

चेंडू गवतात भिरकावलेल्या माझ्यावर आदळला आणि जागीच थांबला.

क्षेत्ररक्षकाने तो उचलून फेकला. तरीही व्हर्नन पोचला असता. पण हा महाशय तिसऱ्या तळापाशी पाय मंदावून शिकागोवाल्याला टोपी काढून दाखवत होता! घराच्या दोन पावलं अलीकडे बाद. त्या माणसाने वही मिटली.

"टोपीची काय घाई होती रे?" गाडीत त्याच्या बायकोने, लोरेनने विचारलं.

"हातमोजा आडवा आला," हा म्हणाला.

आता त्याचं रंग-खिळ्यांचं दुकान आहे. मी गल्ल्यामागे खिळ्याला टांगलेला. एक बोट उंदरांनी खाल्लंय. गिऱ्हाईक आलं की हा माझ्याकडे बोट दाखवतो. "याने माझं वाटोळं केलं. नाहीतर आज शिकागोत असतो!" गिऱ्हाईक चुकचुकतं आणि पावशेर खिळे घेऊन जातं.

परवा लोरेनने माझ्यावरची धूळ झटकली. पुटपुटली, "निदान तू तरी एक चेंडू अडवलास."

तेवढ्यावर माझं जन्माचं भागलं. तुम्ही कधी त्या दुकानात गेलात तर त्याची गोष्ट ऐका, खिळे घ्या. फक्त निघताना लोरेनसमोर एवढं विचारा, की मला तिथं टाकलं होतं कुणी?