वाघोबाच्या टेकडीवरचे नाकतोडे

मुलांनो, डोळे मिटा आणि एक टेकडी समोर आणा. आता तिच्या चारी अंगांनी धरणाचं पाणी चढू द्या. पाडा बुडाला, खाचरं बुडाली. वर उरला नुसता माथा, आणि माथ्यावरचा वाघोबाचा दगड. डोळखांबकडच्या काठावर नव्याने वसलेल्या पाड्यावरची माणसं दर दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, होडीने तिथे जातात, नारळ फोडतात आणि परततात. तिथली काडीसुद्धा घरी आणायची नाही, असा रिवाज आहे.

यंदा नऊ वर्षांची भिमीही आजाबरोबर गेली, पण तिचं चित्त पूजेत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई, बाबा आणि धाकटा शाम वीटभट्टीवर निघणार होते. शाळेसाठी तिला मात्र गोमाआजापाशी राहायचं होतं, थेट पावसाळ्यापर्यंत.

माथ्यावरच्या गवतात नाकतोडे होते. भिमी एकामागे धावली. त्याने टुणकन उडी मारली आणि हातभर अंतरावर पडला. पंख इतके आखूड, की पाठही झाकत नव्हती.

"आजा, हे लंगडे हायत काय?"

"लंगडे कशाला? पाणी चढलं तवा मी तुझ्याएवढा होतो. सगळे किडे वर आले. लांब पंखांचे उडाले का वारा त्यांना पाण्यात टाकी. खाली मासे टपलेलेच! आखूड पंखांचे ऱ्हायले. त्यांची पोरं तशीच, पोरांची पोरंबी तशीच."

"म्हंजे हे जागा सोडून कुठंच जात नाय?"

"जातील कशावर?" आजा हसला आणि अगरबत्ती लावायला वळला.

भिमीने सहा नाकतोडे आजाच्या रिकाम्या तंबाखूच्या डबीत घातले.

सकाळी टेम्पो आला. "मी टेम्पोत बसणार, तू बस पाढे म्हणत!" शामने जीभ दाखवली, आणि टेम्पो हलताच तोच भोकाड पसरून रडू लागला. आई वळून वळून बघत राहिली. वळणावर टेम्पो दिसेनासा झाला.

भिमी घरामागे गेली. तिने डबी उघडली. "ऱ्हावा इथंच," ती म्हणाली.

गवतातले नेहमीचे नाकतोडे कोंबड्यांची चाहूल लागताच भुर्रकन उडाले. हे सहा मात्र हातभर उडी मारून स्वस्थ बसले. कोंबडी म्हणजे काय, हे त्यांच्या आज्या-पणज्यांनीही पाहिलं नव्हतं. भिमी ओरडली, धावली, दगड भिरकावले. पाच कोंबड्यांनी टिपले, एकच तिच्या हाती लागला. तो तिने डबीत टाकला आणि झाकण लावलं.

आजा आला तेव्हा ती मातीत बसून होती. तिने सगळं सांगून टाकलं.

आजा रागावला नाही, उकिडवा बसला. "तिकडं पंख नव्हते म्हणून जगले. इकडं पंख नव्हते म्हणून मेले. त्यांची काय चूक, बाय?"

"माझी हाय."

आजाने तिच्या हातातल्या डबीकडे पाहिलं.

"हा एक ठेवू? डबीतच ठेवीन."

"ठेव की. जगंल दोन दिस."

भिमीने डबी कानाशी धरली. आत पाय खरडत होते. रस्त्यावरची धूळ आता खाली बसली होती.

मग ती डबी मुठीत धरून उठली. भिंतीला टेकवलेलं, तिच्याहून उंच वल्हं तिने खांद्यावर घेतलं आणि आजा मागून येतोय की नाही हे न बघता पाण्याकडे चालू लागली.