शेरीफच्या पांढऱ्या काठीची कैफियत

मी शेरीफच्या हातातली पांढरी काठी बोलतेय. आता पांढरी कसली, शेणानं माखलेय! पण एके काळी मला पाहून अख्खा परगणा टोपी काढायचा, खोटं नाही सांगत.

जन्मानं मी हेझलच्या झाडाची साधी फांदी. राणी एलिझाबेथच्या राज्यात मैरिग आप इथेल यांना वेल्समधल्या आमच्या परगण्याची शेरीफकी, म्हणजे राणीच्या अंमलदाराचं पद मिळालं, वर्षभरासाठी. त्या पदाची खूण म्हणून त्यांनी मला तोडलं, पांढरी होईस्तोवर सोललं आणि जेवायलासुद्धा सोबत घेऊन बसू लागले. त्यांची बायको लौरी म्हणायची, "अहो, ठेवा ती बाजूला! रस्सा काय काठीनं ढवळणार आहात?"

माणूस वाईट नव्हता हो. खोड एकच, वंशावळ. पाहुणा घोड्यावरून उतरायच्या आत हे त्याच्या चौदा पिढ्या म्हणून दाखवायचे. कुणी एखादा पणजोबा गाळला, तर यांना घास गिळवत नसे. आणि हाव एकच, शेरीफकीनंतर दंडाधिकाऱ्याची कायमची खुर्ची.

बडा जमीनदार एडनवेद यानं नेमका तिथंच गळ टाकला. त्याला नेस्त नावाच्या विधवेचं कुरण हवं होतं, म्हणून त्यानं तिच्यावर गाय चोरल्याचा आळ घेतला. गाय तिचीच होती. पण गुरं चोरणाऱ्याला आमच्याकडे फाशी.

"मैरिगदादा, पंच तेवढे आपले निवडा. खुर्चीचं मी बघतो," एडनवेद म्हणाला. दोषी की निर्दोष ते ठरवणारे बारा पंच निवडणं शेरीफचंच काम. यांनी मान डोलावली. मला त्या दिवशी यांच्या हातात राहायची लाज वाटली.

खटल्याला इंग्लंडहून न्यायाधीश आले. नेस्त कठड्यात उभी, पांढरीफटक पडलेली. न्यायाधीशांनी दुभाष्यामार्फत एडनवेदला विचारलं, "या बारा पंचांत तुमचा कुणी नातलग?"

"एकही नाही, महाराज. सगळे परके."

झालं! नाती नाकारलेली यांना कशी सोसणार? हे मला उगारून उठलेच.

"परके? तुझ्या जिभेला काही हाड? हा ग्रिफिद तुझ्या आजीचा चुलतभाऊ! हा कडोगन तुझ्या सख्ख्या मामाचा नातू!" एकेकाला माझ्या टोकानं ढोसत बाराच्या बारा झाले. "आणि मी कोण रे? आपला खापरपणजोबा एकच ना? त्यालाही परका म्हण!"

दुभाष्यानं इमानदारीनं शब्द न् शब्द सांगितला.

"आणि हे पंच निवडले कुणी, शेरीफ?" न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं. यांनी मला पाठीमागे लपवलं.

दुसऱ्या खोऱ्यातून नवे पंच आले. अंगणात गाय आणली, ती नेस्तच्या हाकेसरशी धावत गेली आणि तिचा हात चाटू लागली. नेस्त सुटली. यांची शेरीफकी गेली, खुर्चीचं तर नावच नको. रागानं यांनी मला अंगणात भिरकावलं. नेस्तनं उचललं. तेव्हापासून मी तीच गाय हाकतेय.

परवा मैरिगसाहेब या वाटेनं पायी चालले होते. नेस्तनं ताक दिलं. सवयच ती, यांनी विचारलं, "बाप कोण तुझा? आजी कुठली?" तिनं सांगितलं. हे बोटं मोजता मोजता थांबले.

"अगं, तू तर माझ्या आजीच्या सख्ख्या बहिणीची पणती!"

"मग साहेब, त्या दिवशी माझ्या पिढ्या का नाही मोजल्यात?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि हळूच टोपी काढली.

माझ्यापुढे आजवर कितीतरी टोप्या निघाल्या. ही एकच माझ्यासाठी नव्हती, आणि मला फार बरं वाटलं.