साडूभाऊंसाठी जनरेटर

सिन्नरच्या एका कारखान्याने मोठा जनरेटर घेतला आणि जुना विकायला काढला. तो माझ्या वडिलांनी, भिमाजीअण्णांनी, टेम्पोत घालून घरी आणला. २००६ साल होतं. मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा, आणि दिवेलागणीला रोज न चुकता लोडशेडिंग.

पण अण्णांना जनरेटर नुसता उजेडासाठी नको होता. त्यांचे साडू, देवळ्याचे धोंडीरामकाका, कांद्याचे व्यापारी. ते दर भेटीत आपल्या इन्व्हर्टरचं कौतुक सांगत. "दोन ट्यूब, एक पंखा आणि टीव्ही. तुमच्याकडं काय, मेणबत्ती?" हे ऐकून ऐकून अण्णांनी एकदा फोनवर शब्द देऊन टाकला, "खंडेनवमीला जेवायला या. लाइट गेल्यावर आमचं अख्खं घर चालेल. मिक्सरसुद्धा."

जोडणीवर देखरेख माझी, कारण मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. वायरमन रविराजचा बेत सोपा होता. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घ्यायची, एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला.

"म्हणजे वीज घरात शिरेल, तशी मीटरमधून उलटी बाहेरही जाईल," मी म्हणाले. "डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तिचा दाब वाढून वरच्या तारांत हजारो व्होल्ट होतील. लाइट गेलीय असं समजून कोणी खांबावर काम करत असला, तर संपलाच."

"आपल्या खांबावर कोण चढतं?" अण्णांनी विचारलं.

"झिपरू लाइनमन."

"झिपरूला तर मी जेवायला बोलावलंय." अण्णा वायरमनकडे वळले. "रविराज, ती काय म्हणते ते बसव."

मी म्हणत होते तो चेंजओव्हर. लोखंडी पेटी आणि तिला एक दांडा. दांडा वर केला की घर वीज बोर्डाच्या पुरवठ्यावर, खाली केला की जनरेटरवर, मधे ठेवला की कशावरच नाही. दोन्ही एकदम जोडणं त्यात शक्यच नसतं. मला तो दांडा फार आवडला.

खंडेनवमीला विळे, कुदळी, फवारणीचा पंप यांच्या ओळीत जनरेटरही पुजला. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. झेंडूचं घर, त्यामुळे हारही बैलाला घालतात तसा भरगच्च. तो रेडिएटरच्या जाळीवर टांगला. धोंडीरामकाका आले, झिपरू आला. सगळे ओसरीवर बसून लाइट जाण्याची वाट पाहू लागले.

लाइट गेली नाही.

नेहमीची वेळ टळली. एवढं टक लावून मी बल्बकडे कधीच पाहिलं नव्हतं. आई दोनदा देवघरात जाऊन आली. काय मागितलं ते तिने सांगितलं नाही.

"साडूभाऊ," काका म्हणाले, "तुमच्याकडं तर लाइट जातच नाय. मग हे धूड कशापायी आणलं?"

अण्णा झिपरूकडे वळले. "काय रे, आजच काय झालं?"

"सणामुळं भारनियमन बंद ठेवलंय अण्णा, दसरा होईपर्यंत."

"मग तूच काहीतरी कर ना."

"लोक मला लाइट आणायला सांगतात," झिपरू म्हणाला. "घालवायला सांगणारे तुम्ही पहिलेच."

अण्णांचा चेहरा उतरला. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "लाइट जायची गरजच नाही. जनरेटर सुरू करू आणि दांडा खाली ओढू."

रविराजने हँडल मारलं. जनरेटर धडधडला, त्याचा पंखा फिरला आणि जाळीतून आलेल्या वाऱ्याने हारातल्या सुट्या पाकळ्या काकांच्या धोतरावर उधळल्या. मी दांडा खाली केला. दिवे क्षणभर विझले आणि पुन्हा लागले. ट्यूब, पंखे, टीव्ही, फ्रिज, सगळं चालू. आईने आत मिक्सरवर चटणी लावली. अण्णा काकांकडे पाहू लागले.

काकांनी धोतर झटकलं. छताच्या पंख्याकडे पाहिलं, मग शेजारच्या मळ्यातल्या दिव्यांकडे. "तिकडंबी लाइट, इकडंबी लाइट. हा नुसता आवाज शे, भिमाजीराव. घर तर बोर्डाच्याच लाइटवर चालतंय."

"काका, पंखा बघा, किंचित जोरात फिरतोय," मी म्हणाले. "इंजिनाचा वेग थोडा जास्त आहे, त्यामुळे विजेची फ्रिक्वेन्सीही वाढलीय. मीटर लावून दाखवते."

"पोरी, पंखा माझ्या घरीपण फिरतो."

मी दांडा, पेटी, आतली जोडणी, सगळं समजावलं. काका मान डोलवत होते, पण ती सत्यनारायणाच्या पोथीला डोलवतात तशी.

अण्णा उठले, जनरेटरपाशी गेले आणि तो बंद केला.

दांडा खालीच होता; घर काळोखात बुडालं. पंखे गरगरत थांबले. शेजारी दिवे लखलखत होते, पलीकडच्या वस्तीत टीव्ही चालू होता. सबंध मखमलाबादेत अंधार फक्त भिमाजींच्या घरात.

"पटलं?" अंधारातून अण्णांचा आवाज आला. इतका समाधानी आवाज मी त्यांच्या तोंडून झेंडूला चांगला भाव मिळाल्यावरही ऐकला नव्हता.

काकांनी शेजारच्या दिव्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं. "पटलं. लावा आता."

"सावकाश हो. नीट बघून घ्या."

"अहो, चटणी अर्धीच वाटलीय," आई आतून म्हणाली.

"वाटू," अण्णा म्हणाले. "साडूभाऊंचं बघून होऊ दे."