झुलालबाबाचा धुमसता ग्लास

गिरणा नदीकाठी, नवलच्या होडीच्या शेडसमोर सगळं गाव जमलं होतं. मांत्रिक झुलालबाबाने उपरण्यात धरलेला स्टीलचा ग्लास उंच केला. खाली चूल नाही, काडी नाही. तरी ग्लासातून धूर निघत होता.

"होडीमा आसरा बठेल शे!" तो गरजला. आसरा म्हणजे माणसाला धरणाऱ्या पाण्यातल्या बाया. "बठ्ठा मांगे सरका! नवलले हात लावा ते घरमा मडं पडी!"

नवल भिंतीला टेकून श्वास ओढत होता. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता, ओठ निळसर पडले होते. त्याची बायको पुनम त्याला अंगारा चाटवत होती.

मी शालिग्राम, भडगावचा रंगाचा दुकानदार. नवलच्या फायबरच्या होडीवरचा साधा ऑइलपेंट वर्षभरात सुटायचा, म्हणून दोन डब्यांचा रंग मीच सुचवला. एका डब्यात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर. मिसळून मारला की वर्षानुवर्षं हलत नाही. "फवारायचा तर बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो," असंही सांगितलं. तो हसला. "रुमाल बांधीसन मारसू, भाऊ." मी तरीही डबे दिले. धूळ बसू नये म्हणून त्याने शेड बंद करून फवारा मारला, आणि दुसरा हात मारताना त्याला धाप लागली.

आता बोलावं तर दोष माझ्यावर येणार होता. खरं सांगतो, त्या धुराला मीही घाबरलो.

तेवढ्यात नवलची मान कलली.

मी पुढे झालो. जवळ जाताच धुराला माझ्या दुकानातला ओळखीचा वास आला. मी झुलालची झोळी हिसकावली. आतून बाटली निघाली. होडीच्या भेगा बुजवायला नवलने रेझिन नावाचा चिकट द्रव नेला होता, त्याच्या हार्डनरची, शेडमधून उचललेली. वर माझ्याच दुकानाचं लेबल.

"हे बाबाचं तीर्थ!" मी ओरडलो. "रेझिनमध्ये हे ओतलं की ते आपोआप तापतं. नवलला आसरेने धरलेलं नाही. त्याच्या छातीत रंगाची वाफ गेलीय, आणि रंग मी विकलाय!"

कोणी हललं नाही. हलली ती पुनम.

"आग लागो तुन्हा मंतरले! उचला, भाऊ!"

आम्ही दोघांनी त्याला रिक्षात घातलं. दवाखान्यात ऑक्सिजन लागला, औषधाची वाफ दिली. तासाभराने ओठांवर रंग आला. डॉक्टर म्हणाले, "रंगातल्या हार्डनरमुळे दमा उठला. रुमालाने ती वाफ अडत नाही. आता हा रंग जन्मात फवारायचा नाही. अजून अर्धा तास गेला असता तर हा वाचला नसता."

दुसऱ्या दिवशी त्याच शेडसमोर मी रेझिन आणि हार्डनर एका ग्लासात ढवळलं. मंत्र म्हटला नाही. थोड्या वेळाने धूर निघाला. झुलाल तोवर गाव सोडून गेला होता.

भीती मलाही वाटली, तुम्हालाही वाटेल. पण माणसाचा श्वास अडला की धुराकडे बघत उभं राहू नका. आधी त्याला दवाखान्यात न्या. धूर कशाचा होता, ते मागाहून विचारा. आणि विचाराच.