एक्केचाळिसावं पान

त्यानं पुस्तक उभ्याउभ्याच उघडलं, थेट एक्केचाळिसाव्या पानावर. आकड्याखाली काहीच नव्हतं. ते परत फळीवर ठेवून त्यानं शेजारचं काढलं. त्यातही नाही. तिसऱ्यात होतं. पेन्सिलीनं काढलेली दोन टिंबं आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ. इतकं बारीक, की चष्मा कपाळावर राहिला असता तर दिसलं नसतं.

"सापडलं का, मिस्त्री?" टेबलामागून ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"सापडलं."

"किती राहिली मग?"

"ही फळी झाली. खालची एक आहे."

वाचनालयात नेहमी येणारे बरेच जण अशी खूण करायचे. या फळ्यांवरच्या पुस्तकांची मुखपृष्ठं सारखी, नावंही सारखीच. एक बाई, एक पुरुष, मागं अंधारातलं घर. दहा पानं वाचल्यावर लक्षात यायचं की हे आपलं वाचून झालंय. म्हणून कुणी पानाचा कोपरा दुमडायचं, कुणी शेवटी फुली मारायचं. बाई रागवायच्या, पण खोडायच्या नाहीत. त्याच्या बायकोची खूण एक्केचाळिसाव्या पानावर असायची, कारण त्यांच्या घराचा नंबर एक्केचाळीस.

"हे कुणाचं तोंड?" त्यानं एकदा तिच्या खांद्यावरून डोकावून विचारलं होतं.

"तुमचंच. हसत नाही ना, म्हणून रेघ सरळ."

ती जानेवारीत गेली. तिचं शेवटचं पुस्तक आणि कार्ड परत द्यायला तो पहिल्यांदा वाचनालयाच्या पायऱ्या चढला, तेव्हा बाईंना त्यानं ती खूण दाखवली होती. ते तोंड कुणाचं, हे मात्र सांगितलं नव्हतं. कार्ड द्यायचं तसंच राहिलं आणि तेच पुस्तक तो परत घरी घेऊन आला. त्याला आता आठ महिने झाले.

दिवसभर तो दुकानात असायचा. कुलूप-किल्लीचं दुकान, एक माणूस आणि एक मशीन मावेल एवढं. सहाला शटर ओढायचं, हातावरचा पितळेचा कीस धुवायचा, घरी येऊन चहा करायचा आणि खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत बसायचं. खुर्ची तिची होती. आधी तो समोरच्या खुर्चीत बसून वाचायचा, पण तिथं उजेड पुरत नव्हता. इतकी वर्षं आपण पेपर कसा वाचला, हे त्याला कळेना.

सुरुवातीला तो कुलपांच्या चुकाच शोधायचा. तीन पुस्तकांत हेअरपिननं दार उघडलं होतं, एकात चाकूच्या टोकानं तिजोरी. बायको असताना असले प्रश्न संध्याकाळच्या चहाबरोबर यायचे.

"अहो, पिनेनं उघडतं का हो कुलूप?"

"नाही."

"मग हा आत आला कसा?"

"लिहिणाऱ्याला विचार."

तेवढ्यावर ती पुस्तकात शिरायची आणि तो पेपरात. गिऱ्हाइकाला मात्र तो अर्धा अर्धा तास सांगायचा, की कुठल्या कुलपात काय असतं आणि ते कशानं उघडतं, कशानं नाही.

पाच-सहा पुस्तकं झाल्यावर कुलपं मागं पडली. गोष्ट साधारण एकच असायची. एक बाई एकटी राहते आहे. कुणीतरी तिच्यावर नजर ठेवून आहे. त्याच सुमाराला एक माणूस तिच्या आयुष्यात येतो, आणि हा वाचवणारा की तोच नजर ठेवणारा, हे तिला कळत नाही. त्याला मात्र पन्नासाव्या पानापर्यंत कळायचं, तरी तो वाचत राहायचा. त्याला आणखी एक गोष्ट दिसायला लागली होती. या पुस्तकांत दोनशे पानं कुणी ना कुणी त्या बाईचाच विचार करत असतं. ती कुठं आहे. घरी पोचली का. फोन का उचलत नाही. त्यानं असलं काही कधी विचारलं नव्हतं. तो घरी यायचा, चपला काढायचा आणि ती घरात असायचीच. विचारायची वेळच आली नव्हती.

रविवारी मुलीचा फोन यायचा.

"बाबा, अजून किती?"

"अकरा."

"लोकांना काय सांगू मी? बाबा राहायला येत नाहीत, कारण प्रेमकथा वाचतायत?"

"रहस्यकथा सांग."

"दोन्ही असतं ना त्यात?"

"दोन्ही असतं. म्हणून तर वेळ लागतो."

ती हसली, पण विषय सोडला नाही. तिच्याकडे त्याच्यासाठी खोली तयार होती, पडदेसुद्धा लावून झाले होते. त्यानं शब्द दिला होता, की आईची वाचलेली पुस्तकं संपली की दुकान आवरून येतो. शब्द दिला तेव्हा फळ्या बऱ्याच होत्या.

मग खालची फळीही संपली. त्या दिवशी त्यानं टेबलावर पुस्तक ठेवलं आणि म्हणाला, "हे शेवटचं."

बाईंच्या हातात तारखेचा शिक्का होता. "मग पुढं?"

"मुलीकडे. दुकान आवरायला घेतो आता."

"बरं झालं. एकट्यानं राहायचं म्हणजे." शिक्का त्यांनी शाईच्या पॅडवर दोनदा दाबला, आणि मग पुस्तकावर उमटवायचा विसरून बाजूला ठेवला. त्यानंच बोट दाखवून आठवण करून दिली. टेबलाच्या कडेला थर्मास होता आणि त्याच्याजवळ दोन कप उपडे. बायको दर गुरुवारी इथं तासभर बसायची. एका पुस्तकासाठी एवढा वेळ कशाला लागतो, असं तो म्हणायचा.

शेवटचं पुस्तक त्यानं पुरवून पुरवून वाचलं. सहा दिवस लागले. ते परत करायला गेला, तर बाईंनी टेबलावर आधीच एक काढून ठेवलं होतं.

"मागच्या कपाटात होतं हे, मिस्त्री. बांधायला गेलं होतं, म्हणून राहून गेलं बघा."

त्यानं उघडलं. पान एक्केचाळीस. दोन टिंबं, खाली रेघ.

"तिचंच," तो म्हणाला.

"मग. मी काय सांगतेय."

घरी येऊन चहा झाल्यावर त्यानं पुन्हा ते पान काढलं आणि पुस्तक खिडकीच्या उजेडात धरलं. रेघ सरळ नव्हती. दोन्ही टोकं किंचित वर गेली होती. तोंड हसत होतं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं पुस्तकाची शिवण पाहिली. ते बांधून आलेलं नव्हतं, छापखान्यातून आलं तसंच होतं. पहिल्या पानावर वाचनालयाचा दाखल केल्याचा शिक्का होता, आणि त्यातली तारीख याच वर्षीच्या जूनची होती.

त्यानं पुस्तक मिटलं. उठून दाराला कडी लावली. थोडा वेळ दाराशीच उभा राहिला आणि मग कडी परत काढली. आदल्याच पुस्तकातल्या बाईला उशीखाली चिठ्ठी सापडली होती, अक्षर ओळखीचं पण लिहिणारा दुसराच. तिनं घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. ते वाचताना त्याला ते पटलं होतं. आता ती बाई जरा घाई करत होती असं वाटलं.

दिवा लावून तो वाचायला बसला. हे पुस्तक बायकोनं वाचलेलं नव्हतं. इथं ती हसली असेल, इथं तिनं पान पटकन उलटलं असेल, असं काही धरून चालता येत नव्हतं. वाचवणारा कोण, हे पन्नासाव्या पानावरही त्याला कळलं नाही. शंभराव्या पानावर त्यानं एकावर संशय घेतला आणि तो चुकीचा निघाला.

रविवारी मुलीचा फोन आला.

"झाली ना पुस्तकं? मग तारीख ठरवूया."

"अजून एक सापडलं," तो म्हणाला.

"कुठं?"

"मागच्या कपाटात."

"आणि त्या कपाटात अजून किती आहेत?"

"ते विचारावं लागेल."

तिनं तारखेचं पुन्हा काढलं नाही. मग म्हणाली, "जेवताय ना वेळेवर?"

तो गुरुवारी गेला. वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं. बाई एका वहीत काहीतरी लिहीत होत्या, लिहिताना थांबल्या. पण वर बघितलं नाही.

"कसं वाटलं?"

"कुलूप चुकीचं लिहिलंय. तसलं कुलूप बाहेरून लागतच नाही."

"तेवढंच?"

"बाकी चांगलं आहे. शेवटपर्यंत कळत नाही."

"त्यांनाही आवडलं असेल मग."

"असेल," तो म्हणाला. त्यानं खिसे चाचपले, काही शोधत असल्यासारखे, आणि हात परत बाहेर काढले. "तुमच्या त्या कपाटात तिची अजून असतील का काही?"

बाईंनी वही मिटली. "बघावं लागेल. बसा तुम्ही. थर्मासमध्ये चहा आहे."

त्या उठून पुस्तकांच्या मांडणीमागं गेल्या. वहीवरची पेन्सिल त्यांच्याबरोबर गेली होती. त्यानं दोन्ही कप सुलटे केले आणि चहा ओतला. मग आपला कप घेऊन तो खिडकीशी गेला आणि मांडणीकडे पाठ करून उभा राहिला. खाली रस्त्यावर एक बाई स्कूटर चालू करत होती. तीन वेळा किक मारली, चौथ्यांदा चालू झाली.

कुलपाच्या आत काय हलतंय, हे कानानं ओळखण्यात त्याची अडतीस वर्षं गेली होती. स्कूटर लांब गेल्यावर त्याला मागून पान उलटल्याचं ऐकू आलं. मग कागदावर टोक टेकल्याचं. एकदा. पुन्हा एकदा. मग काहीच नाही. रेघ यायची राहिली होती.

"सावकाश बघा, बाई," तो खिडकीतून मान न वळवता म्हणाला. "मला काही घाई नाही."