भिंतीकडची बाजू

दुकानातली पाटी: गादी घेण्याआधी दहा मिनिटं झोपून बघा. चपला काढून.

तिने पहिल्यांदा माझं घड्याळ काढून घेतलं ते दुरुस्तीला. दुसऱ्यांदा काढलं तेव्हा ते चालू होतं, आणि मी चोवीस वर्षांची असून मला कशातलंच काही ठाऊक नव्हतं.

माझ्या खोलीच्या भिंतीला पोपडे आलेत. निळे. सकाळी तिच्या केसांत सापडतात.

मामा म्हणतो, "गिऱ्हाइकाला हसायचं नाही. आडवा झाला की कुणीही बिचारा दिसतो."

तिच्या घरी चार बहिणी. जमिनीवर एकच लांब अंथरूण, ही मधोमध.

"तो आवडतो मला. तूही. आता काय, अर्धी-अर्धी होऊ?" तिने मला विचारलं होतं.

हे सगळं एका मंगळवारी दुपारी एका गादीवर येऊन पडलं.

मी मामाच्या दुकानात गाद्या विकते. ती बारीक चाकं चिमटीत धरून घड्याळं दुरुस्त करते, म्हणून मी तिला चिमटी म्हणते. आमचं चौदा महिने चाललंय. तीन महिन्यांपूर्वी घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एकाशी. त्याला आधी सगळं सांगेन, म्हणाली. मग पुढच्या आठवड्यात सांगेन. मग त्याच्या पुढच्या. रविवारी मी म्हटलं, "लग्नानंतरची मैत्रीण मी होणार नाही. सांग, नाहीतर येऊ नकोस."

मंगळवारी ती आली, त्याला घेऊन.

"ही माझी मैत्रीण," तिने त्याला सांगितलं.

"मग सूट पक्की," तो म्हणाला. चांगला होता मेला. तेच तर.

"भाचीबाई, डबल दाखवा त्यांना," मामा आतून म्हणाला.

मी गादीवरचं प्लास्टिक ओढलं. प्रत्येक जोडप्याला विचारते तेच, त्याच आवाजात विचारलं, "तुमची बाजू कुठली?"

"कुठलीही चालेल," तो म्हणाला.

"भिंतीकडची," चिमटी म्हणाली.

गादी दुकानाच्या मधोमध, चारी बाजूंनी मोकळी. तो हसला. दोघं आडवी झाली. मी घड्याळ लावलं. दुसऱ्या मिनिटाला तो छताकडे बघत म्हणाला, "पण तू तर घरी मधे झोपतेस ना? दोन्हीकडून लाथा बसतात म्हणालीस. भिंत कुठून आली?"

लहानपणची सवय. मावशीकडची. हॉस्टेलची. मी मनातल्या मनात तिला तीन उत्तरं तयार करून दिली. तिने एकही घेतलं नाही.

"हिच्या खोलीतली," ती म्हणाली.

"बरं. मैत्रिणी झोपतात एकमेकींकडे."

"तशा नाही झोपत आम्ही."

मामाने हातातली उशी गठ्ठ्यावर ठेवली, काढली, परत ठेवली.

"किती दिवस?"

"चौदा महिने."

"मग माझ्याशी गप्पा मारायचीस ते?"

"ते खरं होतं. लग्न खोटं झालं असतं."

आता उठेल, असं मला वाटलं. उठला नाही. पाटीवर लिहिल्याप्रमाणे दहा मिनिटं पुरी केली. मग बूट घातले, नाड्या नीट बांधल्या.

"मलाच जमत नाही, असं सांगतो घरी," तो म्हणाला.

"नको. माझं मी सांगेन. आज संध्याकाळी."

त्याने मान हलवली. जाताना मला म्हणाला, "जरा जास्तच मऊ आहे ही."

चिमटी तशीच पडून होती. डोळ्यांतलं पाणी कानात चाललं होतं.

"वाईट वाटतंय मला त्याचं. खूप. चालेल तुला?"

"चालेल."

मी चपला काढल्या आणि मामासमोर, रस्त्याचा दरवाजा सताड उघडा असताना, त्याच्या जागेवर आडवी झाले.

"पण आजपासून भिंतीकडची बाजू माझी. तू दाराकडे झोपायचं."

"बरं," ती म्हणाली.

मामाने दारापर्यंत जाऊन रस्त्यावर नजर टाकली. मग म्हणाला, "चपला वाटेत आल्यात. बाजूला ठेव त्या."

आमच्या रस्त्यावर गाद्यांची सहा दुकानं आहेत. आमचं शेवटचं. पाच ओलांडून ती त्याला इथे घेऊन आली होती.